सावित्रीच्या मुखावरील मिशनशाळा आणि शरीराचे शिक्षण

हरिहरेश्वराच्या दक्षिण चौपाटीवरून पाहिले असता सावित्री नदीच्या मुखापलीकडे बाणकोटचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावरील हिम्मतगड किल्ला नजरेच्या टप्प्यात येतो. बागमांडल्याहून वेसवीला जाणाऱ्या फेरीबोटीने आज ही खाडी थोड्या वेळात ओलांडता येते. परंतु दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी हे दोन किनारे म्हणजे दोन निराळे मुलूख होते. उत्तरेस श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि दिवेआगर ही गावे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात मोडत, तर दक्षिणेस बाणकोटावर पेशव्यांशी झालेल्या तहान्वये इ. स. १७५६ पासून कंपनी सरकारचा अंमल बसलेला होता. पश्चिम भारतात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चालविलेल्या शाळांच्या इतिहासातील एक फार जुने, आणि आता जवळजवळ विसरले गेलेले, प्रकरण या दक्षिण किनाऱ्यावर घडले. मिशनच्या शाळेत विद्या कोणती शिकवली गेली, आणि त्या विद्येत मुलाच्या स्वतःच्या देहाविषयीच्या ज्ञानाला स्थान किती मिळाले, या प्रश्नाचा आढावा घ्यावयाचा तर आरंभ बाणकोटापासून करणे सर्वथा उचित होय.

स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला प्रतिनिधी डोनाल्ड मिचेल हा १८२३ साली बाणकोटास आला. पूर्वी कंपनीच्या सैन्यात अंमलदार असलेला हा तरुण त्याच वर्षाच्या अखेरीपूर्वी मरण पावला. त्याच्या मागून आलेल्या जेम्स मिचेल, जॉन कूपर, अलेक्झांडर क्रॉफर्ड आणि जॉन स्टीव्हन्सन यांनी बाणकोट आणि हर्णै ही दोन ठाणी धरून आसपासच्या गावांत मराठी शाळा काढल्या. १८२७ मध्ये रॉबर्ट नेस्बिट त्यांना येऊन मिळाला, आणि १८२९ मध्ये मुंबईत उतरलेल्या जॉन विल्सन व मार्गारेट विल्सन या दांपत्याने मराठीचे पहिले धडे याच किनाऱ्यावर गिरविले. या शाळांची पद्धत ठरलेली होती. गावातलाच एखादा पंतोजी नेमावा, त्यास मिशनकडून दरमहा वेतन द्यावे, वाचन, लेखन आणि अंकगणित यांबरोबर ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरे मुलांकडून पाठ करून घ्यावीत, आणि साहेबाने फिरतीवर येऊन परीक्षा घ्यावी. धूळपाटीवर अक्षर गिरविणाऱ्या आणि परवचा म्हणणाऱ्या मुलांच्या हाती छापील बालबोध पुस्तक पडले, ही त्या काळच्या मानाने लहान गोष्ट नव्हती.

आश्चर्य वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. ज्या मंडळींच्या भोवती मृत्यू सतत वावरत होता, त्यांच्या अभ्यासक्रमात शरीराचा उल्लेखही नव्हता. १८१७ नंतर बंगालमधून पसरलेल्या पटकीच्या महामारीने कोकणपट्टीही सोडली नव्हती. अमेरिकन मिशनचा संस्थापक गॉर्डन हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडील प्रवासात पटकीने वारला, मार्गारेट विल्सन १८३५ मध्ये गेल्या, आणि मराठीवर असामान्य प्रभुत्व मिळविलेला नेस्बिट १८५५ मध्ये मुंबईत पटकीनेच मरण पावला. देवीची लस १८०२ मध्येच मुंबईस येऊन पोहोचली होती. तथापि गावच्या शाळेत आत्म्याच्या तारणाचा पाठ होता, त्रैराशिकाचा होता. विहिरीच्या पाण्याचा, मलमूत्राच्या विल्हेवाटीचा किंवा लस टोचून घेण्याचा नव्हता. याचा सगळा दोष त्या मिशनऱ्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही, कारण पटकी पाण्यावाटे पसरते हे जॉन स्नोने लंडनमध्ये दाखवून दिले ते १८५४ साली, आणि रोगजंतूंचा सिद्धांत प्रस्थापित व्हावयास त्याहूनही पुढचा काळ जावा लागला. देवीची लस सोडली तर शिकविण्याजोगे ज्ञानच अद्याप हाती आलेले नव्हते, तेव्हा ते शाळेत कोठून यावे?

पुढे कोकणातील ही ठाणी मोडली आणि मिशनचे बिऱ्हाड पुण्या-मुंबईस गेले; पण बाणकोटची कहाणी तेथे संपत नाही. जेम्स मिचेल पुण्यास स्थायिक झाला. स्कॉटिश मिशनच्या पुण्यातील शाळेत १८४१ ते १८४७ या काळात जोतीराव फुले शिकले, आणि मिचेलबाईंच्या अध्यापन वर्गात, तसेच अहमदनगरास सिंथिया फॅरार यांच्याकडे, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. याच सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरकडील दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत असता त्याच रोगाने १० मार्च रोजी निवर्तल्या. मिशनच्या वर्गात त्यांना आरोग्यशास्त्राचा धडा मिळाला होता असा दावा मला करावयाचा नाही. शाळा चालविणे आणि रोग्याच्या उशाशी बसणे ही दोन कामे त्यांनी एकाच कर्तव्याचे अंग मानली, आणि मिशनशाळांच्या अभ्यासक्रमाने जी सांगड घातली नव्हती ती त्या शिक्षणातून बाहेर पडलेल्या एका स्त्रीने आपल्या आचरणाने घातली, एवढेच येथे नोंदवावेसे वाटते.

केवळ विद्याभ्यासाच्या अंगाने पाहिले तर या टापूतील मिशनशाळांची कामगिरी खरोखर स्पृहणीय आहे. बाणकोटहून दक्षिणेस दापोलीला एस. पी. जी. मिशनने चालविलेल्या हायस्कुलातून पांडुरंग वामन काणे मॅट्रिक झाले. धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहून १९६३ मध्ये भारतरत्न झालेल्या महापंडिताची इंग्रजी विद्या ख्रिस्ती धर्मप्रसारक मंडळाच्या बाकांवर पक्की झाली, आणि त्याने त्याच्या संस्कृताध्ययनाला यत्किंचितही धक्का लागला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पालगडचे पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी, हेही दापोलीच्या मिशन शाळेचेच विद्यार्थी. घरची परिस्थिती बिकट झाल्यावर ते औंधास गेले, आणि तेथे प्लेगाची साथ उद्भवल्याने त्यांच्या शिक्षणात पुन्हा खंड पडला. शाळा उत्तम असूनही रोगाच्या एका साथीने मुलाचा विद्यार्जनाचा मार्ग कसा तुटतो याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. धर्मांतराच्या भीतीने पालक मुले काढून घेत, हे खरेच. पण इंग्रजी, गणित आणि नियमित परीक्षा यांचे आकर्षण त्या भीतीहून प्रबळ ठरले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण मान्य केल्यावर मिशनशाळांच्या खर्चाचा काही भार सरकारी खजिन्यावर पडला आणि तपासनीसाच्या शेऱ्याबरहुकूम अभ्यासक्रमाला एक निश्चित साचा आला. त्या साच्यात शरीराला जागा मिळाली ती फार उशिरा आणि फार अल्प. वाचनमालेत स्वच्छतेवर दोन-चार पाठ, आणि फावल्या वेळात कवायत.

आरोग्यशिक्षण या शब्दाला खरा अर्थ आला तो शाळेच्या शेजारी रुग्णालय उभे राहिल्यावर. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेस रुग्णालय उघडले, आणि १८९७ मध्ये तेथे वैद्यकीय शाळाही सुरू केली. पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम आणि कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थानही त्याच परिसरात उभे राहिले. कोकणात वेंगुर्ल्यास याच मिशनचे सेंट ल्यूक रुग्णालय झाले. अशा ठिकाणी मिशनच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला जे शिक्षण मिळे ते केवळ पुस्तकातून मिळणे शक्यच नव्हते. पहाटे उठून अंथरूण उन्हात टाकणे, आडावर आंघोळ करणे, पिण्याचे पाणी निराळ्या हंड्यात गाळून व झाकून ठेवणे, जेवणापूर्वी ओळीने हात धुणे, खरूज झालेल्या सोबत्याचे पांघरूण वेगळे करून उकळत्या पाण्यात घालणे, आणि ताप आला की अंगारा न लावता समोरच्या दवाखान्यात जाऊन उभे राहणे, या गोष्टी तेथे दिनक्रमाचा भाग होत्या. दिवसभर वर्गात बसून सायंकाळी घरी जाणाऱ्या मुलाला तोच पाठ पुस्तकात वाचावा लागे आणि घरी त्याच्या अगदी उलट आचार पाहावा लागे. म्हणून माझे असे स्पष्ट मत झाले आहे की, मिशनांनी आरोग्य शिकविले ते वसतिगृहांत आणि रुग्णालयाच्या छायेत. शाळेच्या वर्गात त्यांनी ते क्वचितच शिकविले. जेथे वसतिगृह नव्हते आणि रुग्णालयही नव्हते, त्या बाणकोट-हर्णैच्या शाळा मिशनरी निघून जाताच आपल्यामागे अक्षरओळखीपलीकडे फारसे काही ठेवू शकल्या नाहीत.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनाची या दृष्टीने वेगळी नोंद घ्यावी लागते. दुष्काळातून सोडवून आणलेल्या, अन्नावाचून खंगलेल्या शेकडो मुलींना शिकविण्यापूर्वी जगविणे भाग होते. तेथे भात, दूध, स्वच्छ वस्त्र आणि विश्रांती हाच पहिला पाठ ठरला. वाचन, विणकाम आणि छापखाना हे त्यानंतर आले. १८९७ च्या प्लेगात पुण्यातील सरकारी छावण्यांतील व्यवस्थेवर रमाबाईंनी वृत्तपत्रात उघड टीका केली, तेव्हा सरकारने तिचा इन्कार केला. परंतु आपल्या हवाली असलेल्या मुलीच्या देहाची आणि अब्रूची जबाबदारी शाळेची आहे, ही जाणीव त्या पत्रात जितक्या निर्भयपणे प्रकट झाली तितकी त्या काळच्या इतर शिक्षणसंस्थांत क्वचितच आढळेल.

आता या विषयाची एक अवघड बाजू. हर्णैच्या अगदी लगतचे मुरूड हे महर्षी कर्व्यांचे गाव. त्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ सालचा. ते पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात, म्हणजे ज्या विल्सनने याच किनाऱ्यावर मराठी आत्मसात केली त्याच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत, गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि त्या विषयाचा जाहीर प्रचार आरंभिला. त्यापायी त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत खटले, दंड आणि दारिद्र्य सोसून ते चालविले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. महाविद्यालय आणि माध्यमिक शाळा यांत अंतर आहे हे मान्य. तरीही या घटनेने मिशनच्या आरोग्यशिक्षणाची सीमा कोठे होती ते उघड झाले. नखे, दात, पाणी आणि मद्यपान यांविषयी बोलण्यास संस्था सदैव सिद्ध होती. मनुष्याचा जन्म कसा होतो आणि तो नियंत्रित कसा करावा हा प्रश्न येताच विद्येचे दार बंद झाले. सनातनी हिंदू समाजानेही कर्व्यांना याहून निराळी वागणूक दिली नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे.

ख्रिस्ती संस्थांबाहेर देहाची उपासना अगदीच नव्हती असे समजण्याचे कारण नाही. तालीम आणि आखाडा आपल्याकडे पुरातन आहेत; औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार रूढ केले, १९१४ मध्ये अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले, आणि १९२४ मध्ये लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापिले. ख्रिस्ती बाजूने मद्रासच्या वाय. एम. सी. ए.ने १९२० मध्ये शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढून प्रशिक्षित शिक्षक तयार केले. ॲडव्हेंटिस्ट पंथाचे स्पायसर महाविद्यालय १९४२ मध्ये पुण्यास आले; मद्य आणि तंबाखू वर्ज्य, शाकाहार इष्ट आणि अंगमेहनत आवश्यक, असे आरोग्यनियम धर्माचरणातच समाविष्ट करणारा हा पंथ आहे, आणि म्हणून त्याच्या जगभरातील शाळांत विद्याभ्यास व आरोग्य यांची विभागणी इतरत्र होते तशी होत नाही. मात्र या सर्व प्रयत्नांत भर पडला तो सुदृढ देहावर. रोग कोणत्या वाटेने येतो, आणि ती वाट गावाने मिळून कशी बंद करावी, हे शिक्षण आखाड्यात मिळत नाही.

ती वाट बहुतेक वेळा पाण्यातून जाते. आणि आपल्या समाजात पाण्याचा प्रश्न शतकानुशतके जातीच्या प्रश्नाशी जखडलेला होता. सावित्रीच्याच काठी, बाणकोटच्या खाडीतून वर गेले असता लागणाऱ्या महाडात २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि धर्मशाळा सर्वांना खुल्या कराव्यात असा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच मंजूर केला होता, आणि महाड नगरपालिकेनेही त्यास मान्यता दिली होती. कागदावरील हुकूम आणि तळ्याचा काठ यांत जे अंतर होते ते तोडण्यास सत्याग्रह करावा लागला. ज्या शाळेत एका मुलाला माठाला हात लावण्याची मुभा नाही आणि तहान लागली असता दुसऱ्याने वरून पाणी ओतण्याची वाट त्याला पाहावी लागते, त्या शाळेत स्वच्छतेवरील पाठ कितीही सुंदर भाषेत शिकविला तरी तो पाठ त्या मुलाचा अपमानच करतो. मिशनशाळांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांना प्रवेश दिला, हे त्यांचे मोठे श्रेय. त्यापायी कित्येक ठिकाणी सवर्ण पालकांनी आपली मुले काढून घेतली, तरी पुष्कळ मिशनऱ्यांनी माघार घेतली नाही. आरोग्यशिक्षणाच्या इतिहासात या निर्णयाची किंमत कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून अधिक आहे.

जंजिरा संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले, आणि शिक्षणाचा भार जिल्हा परिषदेने व खासगी संस्थांनी उचलला. राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला, आणि २८ व्या अनुच्छेदाने अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती करण्यास मनाई केली. त्यामुळे ख्रिस्ती शाळा आज सहावी-सातवीला शिकविते ते बहुतांशी तेच, जे शेजारची मराठी शाळा शिकविते. आरोग्याच्या बाबतीतही सरकारी योजना अनेक आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरास झाला. त्यान्वये वैद्यकीय पथकाने शाळेत येऊन मुलांची तपासणी करावयाची असते. किशोरवयीन मुलांना आठवड्यास लोहाची निळी गोळी द्यावयाची, वर्षातून ठरावीक दिवशी जंतनाशक गोळी द्यावयाची, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू द्यावयाची नाही, हे सारे नियम अस्तित्वात आहेत. परंतु गोळी गिळणे हे शिक्षण नव्हे. आपल्या रक्तात लोह कमी का पडते, नाचणी आणि शेवग्याचा पाला यांचा त्याशी संबंध काय, आई दातांना मिश्री लावते त्याचे परिणाम काय, हे ज्या मुलीला कळले तिची गोळी तिच्या इच्छेने घेतली जाते. जिला कळले नाही तिची गोळी बाईंची पाठ वळताच खिडकीबाहेर जाते.

स्थानिक आरोग्यज्ञान म्हणजे काय याचा वस्तुपाठ याच नदीच्या खोऱ्यात उपलब्ध आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असता डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास आरंभिला. विषाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी साचते हे ओळखून त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा उपयोग केला, आणि १९८० च्या दशकात त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातील जांभ्या दगडाच्या भिंती, कौलारू छपरे, रचून ठेवलेली लाकडे आणि भातकापणीचे दिवस यांत वाढणाऱ्या मुलाला हा पाठ अन्य कोणत्याही पाठाहून जवळचा आहे. विंचू चावला असता केवळ वेदना झाली तर धोका त्या मानाने कमी; पण घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय थंड पडले, तर मांत्रिकाकडे न जाता, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावयाचे, आणि दंशाची वेळ डॉक्टरांना सांगावयाची, इतके ज्ञान सहावीच्या मुलाला देण्यास फळा आणि एक तास पुरेसा आहे. २०२१ च्या जुलैत महाड बुडाले तेव्हा चिखलातून अनवाणी चालल्याने होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा प्रश्न असाच दाराशी येऊन उभा राहिला; त्यापूर्वीच्या वर्षी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्याला झोडपले, तेव्हा आडांचे पाणी पुन्हा पिण्याजोगे कसे करावे हे गावात शाळकरी मुलांनी सांगावयास हवे होते. आमच्या पाठ्यपुस्तकांत पचनसंस्थेची सुबक आकृती आहे. आडात टाकावयाच्या क्लोरिनच्या मात्रेचे गणित त्रैराशिकाच्या धड्यात मात्र नाही. ते घातले तर गणित आणि आरोग्य या दोन्ही विषयांचा लाभ होईल.

सहावी-सातवीसारख्या मध्यम इयत्तांवर माझा इतका भर का, याचे कारण वयाशी निगडित आहे. पाचवी ते आठवी या काळात मूल वाचू-लिहू शकते, कार्यकारणभाव समजू शकते, आणि अजून घरात त्याचे ऐकले जाते. याच काळात मुलीला ऋतुप्राप्ती होते आणि याच काळात तिची शाळा सुटण्याची धास्ती सर्वांत अधिक असते. किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत आणावयाचे ठरले तेव्हा २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी त्याला मनाई केली. कर्व्यांना विल्सन कॉलेजातून बाहेर पडावे लागल्याला तेव्हा ऐंशीच्या घरात वर्षे लोटली होती. ख्रिस्ती शाळा असो, जिल्हा परिषदेची असो वा संस्थेची, या प्रश्नावर तिच्या संचालकांची भूमिका आजही बहुधा मौनाचीच असते. हे मौन सोडण्यास मोठा खर्च लागत नाही. शाळेतील एका शिक्षिकेने आणि उपकेंद्रातील आरोग्यसेविकेने मिळून महिन्यातून एक तास सहावी-सातवीच्या मुलींशी, आणि तितक्याच मोकळेपणाने एका शिक्षकाने मुलांशी, बोलावे. त्या तासाची नोंद इतर विषयांप्रमाणेच वेळापत्रकात असावी आणि तपासणीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्याने ती पाहावी. शाळेच्या स्वच्छतागृहाला आतून कडी, नळाला पाणी आणि झाकणाची बादली आहे की नाही, हेही त्याच अधिकाऱ्याने स्वतः आत जाऊन पाहावे, आणि नसेल तर शेरा पटसंख्येच्या आधी लिहावा.